स्वरचक्राचा वारसा : हॅमंड ऑर्गन आणि त्याचे डिजिटल अवतार

आपल्या मंडळाच्या सभागृहात रंगमंचाच्या उजव्या अंगाला एक जुनी पायपेटी उभी आहे. गणेशोत्सवातील नाट्यगीतांच्या बैठकींना तिने वर्षानुवर्षे साथ केली. आज तिचा भाता फाटला आहे, काही सूर मुके झाले आहेत आणि ती दुरुस्त करणारा कारागीर या शहरात सापडत नाही. म्हणून सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने एखादा डिजिटल कीबोर्ड घ्यावा, असा विचार कार्यकारिणीत निघाला. ‘त्यात ऑर्गनचाही आवाज असतो’, असे एका सभासदांनी सांगितले आणि चर्चा तेवढ्यावरच संपली. पुढे प्रस्तुत लेखकाने दुकानात जाऊन ते ‘ऑर्गन’ नावाचे बटण दाबून पाहिले. निघालेला आवाज भरदार होता, गोडही होता. परंतु तो आपल्या पायपेटीचा नव्हता. तो एका निराळ्याच वाद्याचा होता. त्या वाद्याची जन्मकथा मोठी उद्बोधक आहे आणि खरेदीपूर्वी ती जाणून घेणे हिताचेही आहे.

प्रथम आपल्या पेटीचे कूळ पाहू. १८४२ साली अलेक्झांडर दबेन या कारागिराने पॅरिस येथे ‘हार्मोनियम’ या नावाने एकस्व मिळविले. त्यात भात्याचा वारा धातूच्या जिभांवर दाबाने सोडला जातो. अमेरिकेत जो पायऑर्गन रूढ झाला त्याची रीत उलटी होती. तेथे भाता वारा आत ओढून घेतो आणि त्या ओढीने जिभा कंप पावतात. त्यामुळे नाद अधिक मृदू व गोल येतो. मराठी संगीत रंगभूमीने गंधर्वयुगात ऑर्गनला जे स्थान दिले, त्याचे एक कारण या गोल, भरीव नादात आहे. दोन्ही वाद्यांत स्वर उत्पन्न होतो तो मात्र वाऱ्याने आणि जिभेने.

कीबोर्डावरील बहुतेक ‘ऑर्गन’ ज्याची नक्कल करतात, त्या वाद्यात वारा नाही, भाता नाही आणि जीभही नाही. ते हॅमंड ऑर्गन होय. त्याचे जनक लॉरेन्स हॅमंड (१८९५–१९७३) हे यंत्रशास्त्राचे पदवीधर. ते संगीतकार नव्हते, हे विशेष ध्यानात ठेवण्याजोगे आहे. त्यांचा मूळ धंदा विजेच्या घड्याळांचा होता. विद्युत्प्रवाहाच्या आवर्तनाशी पाऊल जुळवून अचूक गतीने फिरणारी मोटर त्यांनी घड्याळांसाठी सिद्ध केली. पुढे मंदीच्या काळात घड्याळांचा व्यापार बसला आणि त्या अचूक मोटरीला दुसरे काम शोधणे भाग पडले.

या शोधातून जी कल्पना साकार झाली ती सर्वस्वी नवी नव्हती. थॅडियस केहिल या संशोधकाने १८९७ मध्ये ‘टेलहार्मोनियम’चे एकस्व घेतले होते. फिरत्या यंत्रांतून वीज निर्माण करून तारांवाटे संगीत पाठविणारे ते प्रचंड यंत्र सुमारे दोनशे टन वजनाचे झाले आणि त्या भारानेच इतिहासजमा झाले. हॅमंड यांच्या काळापर्यंत ध्वनिवर्धकाचा शोध लागला होता. त्यामुळे तेच तत्त्व एका मेजाएवढ्या पेटीत बसविणे त्यांना शक्य झाले. जानेवारी १९३४ मध्ये त्यांनी एकस्वासाठी अर्ज केला, त्याच वर्षी एप्रिलमध्ये ते मिळाले आणि एप्रिल १९३५ मध्ये वाद्य लोकांपुढे आले. प्रारंभीच्या ग्राहकांत हेन्री फोर्ड आणि संगीतकार जॉर्ज गर्श्विन हे होते.

या वाद्याची रचना आपल्या संगीताच्या भाषेत सांगणे कठीण नाही. पेटीच्या आत एका मोटरीवर ९१ दातेरी चकत्या अखंड फिरत असतात. त्यांना स्वरचक्रे म्हणू. प्रत्येक चक्राजवळ तारेचे वेटोळे गुंडाळलेला एक लोहचुंबक असतो. दाते त्याच्यासमोरून जाताना त्या वेटोळ्यात सूक्ष्म विद्युत्प्रवाह कंप पावतो. दात्यांची संख्या आणि फिरण्याचा वेग यांवर स्वराची उंची ठरते. पट्टी दाबली म्हणजे स्वर निर्माण होत नाही; तो आत आधीच चालू असतो, पट्टी केवळ त्याला वाट करून देते.

पट्ट्यांच्या वर ओढण्याच्या दांड्या असतात, त्यांस ड्रॉबार म्हणतात. प्रत्येक संचात नऊ दांड्या, आणि प्रत्येक दांडी शून्यापासून आठपर्यंत ओढता येते. या नऊ दांड्यांतून दाबलेल्या स्वरात कोणते स्वर मिसळतात ते पाहिले म्हणजे गंमत वाटते. पाच दांड्या निरनिराळ्या सप्तकांतील षड्जाच्या, तीन पंचमाच्या आणि एक गंधाराची. तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेतून स्वयंभू गंधार कसा उमटतो, हे ज्यांनी कान देऊन ऐकले आहे त्यांना ही योजना परकी वाटणार नाही. प्रत्येक नादात त्याचे सहस्वर दडलेले असतात. हॅमंडने ते सुटे करून वादकाच्या हाती दिले, इतकेच.

मोटर विजेच्या आवर्तनाशी बांधलेली असल्याने वाद्य कधी बेसूर होत नसे. पण त्याच कारणाने एक विलक्षण अडचणही संभवत होती. अमेरिकेतील वीज सेकंदाला साठ आवर्तनांची, आपल्याकडील पन्नासची. तेथील वाद्य तसेच्या तसे येथे लावले असते, तर त्याचा षड्ज बरोबर मंद्र सप्तकातील शुद्ध धैवतावर उतरला असता! म्हणून पन्नास आवर्तनांच्या देशांसाठी कंपनीला वेगळी बांधणी करावी लागे.

आता या कथेतील मर्माकडे वळू. हॅमंड यांनी हे वाद्य देवळात किंवा क्लबात वाजावे म्हणून निर्मिले नव्हते, तर चर्चमधील मोठ्या नळ्यांच्या ऑर्गनला स्वस्त पर्याय म्हणून. म्हणजे हे वाद्य स्वतःच एक अनुकरण होते. त्याच्या जाहिरातीतील दाव्यांवर अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाने आक्षेप घेतला. १९३७ साली शिकागो विद्यापीठाच्या रॉकफेलर चॅपेलमध्ये तेथील नळ्यांचा ऑर्गन आणि हॅमंड यांची पडद्याआड तुलना झाली, आणि ऐकणारे जवळजवळ एकतृतीयांश वेळा फसले. तरीही हे वाद्य नळ्यांच्या ऑर्गनची बरोबरी करते असे सांगण्यास आयोगाने कंपनीला मनाई केली. निर्णय योग्यच होता, कारण बारकाईने ऐकता हॅमंडमध्ये कित्येक ‘दोष’ होते.

पहिला दोष खटक्याचा. प्रत्येक पट्टीखाली नऊ विद्युत्-स्पर्शबिंदू असतात आणि ते एकाच क्षणी जुळत नाहीत. म्हणून पट्टी दाबताच स्वराच्या आधी ‘टक्’ असा बारीक आवाज येतो. दुसरा दोष झिरपण्याचा : शेजारच्या चक्रांचे स्वर थोडे थोडे मिसळतात. तिसरा गंधाराचा : तो स्वयंभू नसून बारा समान भागांत विभागलेल्या सप्तकातून उसना घेतलेला, म्हणून किंचित चढा. अभियंत्यांच्या दृष्टीने, निदान खटका आणि झिरप ही तरी, नाहीशी करण्याचीच गोष्ट होती.

चौथी उणीव जिवंतपणाची. नळ्यांच्या ऑर्गनचा नाद प्रशस्त वास्तूत चहूकडून येतो. हॅमंडचा एका ठोकळ्यातून सरळ येई. कॅलिफोर्नियातील डोनाल्ड लेस्ली यांना ही गोष्ट खटकली. त्यांनी ध्वनिक्षेपकापुढे फिरता कर्णा आणि खाली फिरता ढोल बसविला. कर्णा आपल्याकडे येताना स्वर किंचित चढतो, दूर जाताना उतरतो आणि साऱ्या दालनात नाद फिरू लागतो. मंद आणि द्रुत अशा त्याच्या दोन गती असत; द्रुत गतीत कर्णा मिनिटाला सुमारे चारशे फेरे घेई. १९४० च्या सुमारास ही पेटी विक्रीस आली. हॅमंड यांनी तिला कधी मनापासून मान्यता दिली नाही. वादकांनी मात्र ती डोक्यावर घेतली, आणि पुढे १९८० साली हॅमंड कंपनीनेच लेस्ली विकत घेतली. इतिहासाचा हा न्याय म्हणावा.

नळ्यांचा ऑर्गन ज्यांना परवडत नव्हता अशा कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये हे वाद्य पोहोचले, तेथून जॅझमध्ये गेले. १९५४ मध्ये ‘बी-३’ हा प्रसिद्ध नमुना निघाला आणि १९५६ मध्ये जिमी स्मिथ यांची पहिली ध्वनिमुद्रिका आली. त्यांच्या हाती तो ‘टक्’ आवाज तालाचे अंग बनला. स्वराला धार आली. पुढे रॉक संगीतात जॉन लॉर्ड यांच्यासारख्यांनी त्याचा नाद मुद्दाम फोडला, खरखरविला. ज्या दोषांबद्दल निर्माते खंतावत होते, ते दोषच वाद्याची ओळख झाले.

बैठक आणि पायपट्ट्यांसह बी-३ चे वजन दोनशे किलोंच्या घरात जाते. अर्धवाहकांचे युग आले तेव्हा असे यंत्र घडविणे परवडेनासे झाले, आणि १९७५ च्या सुमारास स्वरचक्रांचे ऑर्गन बनणे थांबले. त्यानंतर पुन्हा अनुकरण सुरू झाले, पण आता मूळ होते ते हॅमंड. १९८० च्या सुमारास जपानच्या कॉर्ग कंपनीचा सीएक्स-३ आला. १९९७ मध्ये रोलंडचा व्हीके-७, २००१ मध्ये स्वीडनमधील नॉर्ड इलेक्ट्रो. हॅमंडचे नाव जपानच्या सुझुकी कंपनीकडे गेले आणि तिने २००२ मध्ये नवा बी-३ बाजारात आणला. या सर्वांतील अभियंत्यांनी कष्टाने काय साधले? तो खटका, ती झिरप, तो चढा गंधार आणि ते फिरत्या कर्ण्याचे गरगरणे. प्रारंभीच्या स्वच्छ, निर्दोष नकला जाणकारांना निर्जीव वाटल्या. नकलेत दोष उतरले तेव्हाच तिच्यात प्राण आला.

या इतिहासातूनच निवडीची कसोटी मिळते. हॅमंडचा आवाज हवा असेल, तर दुकानात पुढील गोष्टी पाहाव्यात. खऱ्या सरकत्या दांड्या आहेत काय, की केवळ बटणे? वाजवीत असताना नादाचा रंग बदलता येणे हा या वाद्याचा आत्मा आहे, आणि तो दांड्यांवाचून साधत नाही. लेस्लीची गती बदलताच फेरे एकदम न बदलता, जड चाक जसा वेळ घेते तसे हळूहळू वाढतात काय? पट्ट्या पियानोसारख्या जड नसून हलक्या व पुढील कडेस गोलसर असाव्यात, म्हणजे हात घसरविता येतो. बी-३ मध्ये पट्टी हळू दाबा वा जोरात, आवाज तेवढाच. लहानमोठेपणा उजव्या पायाखालच्या पट्टीने आणतात. आपल्या पेटीवाल्याचा डावा हात भात्यावर जे काम करतो, तेच येथे उजवा पाय करतो. तेव्हा ही पायपट्टी घेतल्यावाचून वाद्य घेणे म्हणजे भात्यावाचून पेटी घेणे होय. आणखी एक व्यवहाराची गोष्ट : लेस्लीचे फिरणे दोन ध्वनिक्षेपकांतून ऐकू येते, सभागृहातील एकाच वाहिनीला वाद्य जोडले तर निम्मी गंमत जाते.

या वाद्यांचा एक गुण आपल्या गायकांना विशेष उपयोगी आहे. स्वरांतराची कळ फिरविली की पांढरी एक वाजविताना काळी दोन ऐकू येते. मात्र मींड आणि श्रुती यांचा जो प्रश्न पेटीबाबत उपस्थित झाला, आणि ज्यामुळे १९४० पासून १९७१ पर्यंत आकाशवाणीवर पेटीला बंदी होती, तो प्रश्न येथेही सुटत नाही.

असो. मूळ मुद्दा असा, की भावगीते, वाद्यवृंद आणि तरुण सभासदांचे कार्यक्रम यांसाठी हॅमंडची चांगली नक्कल अवश्य घ्यावी. ती वाद्यसंपदेत भर घालील. पण तिने पायपेटीची जागा भरून निघेल, असे समजू नये. दोघींचे नाव एक असले, तरी कूळ वेगळे आहे. नाट्यपदाच्या साथीला वाऱ्याच्या ओढीने बोलणारा सूर हवा, आणि तो हवा असेल तर विकत घेण्यापूर्वी ‘रीड ऑर्गन’ असा आवाज वाद्यात आहे काय, हे नेमके विचारावे व स्वतः ऐकून पाहावे.

आणि एक सूचना कार्यकारिणीपुढे नम्रपणे ठेवावीशी वाटते. हॅमंडची नक्कल करणाऱ्यांना ऐकावयास मूळ वाद्ये मुबलक उपलब्ध होती. आपल्याजवळ मूळ एकच आहे. तिचे जे सूर अजून बोलतात, ते एकेक करून ध्वनिमुद्रित करावेत : भात्याच्या धापेसकट, पायपट्टीच्या कुरकुरीसकट, किंचित उतरलेल्या निषादासकट. उद्या कोणी तिची नक्कल करावयास बसेल, तेव्हा या गोष्टी गाळावयाच्या नसतात, हे त्याला त्या मुद्रणावरून कळेल. नवे वाद्य पुढील महिन्यात घेतले तरी चालेल. हे काम मात्र आणखी काही सूर मुके होण्यापूर्वी झाले पाहिजे.