कावेरीचा महासीर

मोठा मासा लहान मासळीच्या चकाकीवर झडप घालतो; या स्वभावावरच खोट्या आमिषाची विद्या उभी आहे. अमेरिकेंत ज्यूलिओ ब्यूएल यानें १८५२ सालीं चमच्यासारख्या धातूच्या आमिषाचें पेटंट घेतलें. गळ जोडलेला तो चमचा प्रवाहांत घायाळ मासळीसारखा लटपटे. हिंदुस्थानांत एच. एस. टॉमस या मद्रासकडील अधिकाऱ्याच्या १८७३ सालच्या ग्रंथानें महासीराच्या शिकारीचा छंद इंग्रज अधिकाऱ्यांत फैलावला.

कावेरीच्या खडकाळ पात्रांत हरिगोल नांवाची टोपलीवजा गोल होडी या कामीं उपयोगी पडे. दोर ओढीत धावणाऱ्या माशामागें ती सहज वळे. १९४६ च्या मार्चांत म्हैसूरचे व्हान इंगेन यांनीं कावेरीच्या खोऱ्यांत १२० पौंडांचा महासीर काढला.

पुढें महासीर विरळ झाला. म्हणून १९७० नंतर लोणावळ्याच्या मत्स्यकेंद्रांत वाढविलेलीं पिलें कावेरींत सोडण्यांत आलीं. तीं मात्र निराळ्या जातीचीं होतीं. पुण्याच्या मुळा-मुठेंतील ही जात साइक्स यानें १८३९ सालीं वर्णिली होती. हेतु शुद्ध होता. परंतु पाहुणा वाढला आणि घरचा कुबडा महासीर मागें हटला. मासे पकडून पुन्हा पाण्यांत सोडणाऱ्या छांदिष्टांच्या १९९८ ते २०१२ पर्यंतच्या नोंदींतूनच ही घट उघड झाली. जगभर गाजलेल्या त्या माशाची शास्त्रीय ओळख 'टोर रेमादेवी' अशी पटली, ती २०१८ सालीं. आणि त्याच सालीं तो अत्यंत संकटग्रस्त ठरला. नदीला मासा देण्यापूर्वीं तिचा स्वतःचा मासा कोणता, हें ओळखावें लागतें.