मटकोराचे अंगण आणि चटणीचा मंच : त्रिनिदादमधील एका नृत्यसंगीताची वांशिक ओळख

त्रिनिदादमधील ‘चटणी’ या नृत्यसंगीताचा विषय निघाला की ‘तेथील भारतीयांचे संगीत’ हे वर्णन त्याला चिकटूनच येते. हे वर्णन खोटे नाही. परंतु ते केव्हापासून आणि कोणासाठी खरे झाले, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. मुळे आणि ओळख या दोन गोष्टी आपण एकच धरून चालतो. चटणीच्या बाबतीत त्या एक नाहीत. या संगीताच्या मुळाशी जी सीमारेषा होती ती स्त्री आणि पुरुष यांच्यामधली. भारतीय आणि आफ्रिकी यांच्यामधली रेषा तिच्यावर पुष्कळ नंतर ओढली गेली, असे प्रस्तुत निबंधाचे प्रतिपादन आहे.

ब्रिटिश वसाहतींतील गुलामगिरी संपल्यानंतर उसाच्या मळ्यांसाठी करारबद्ध मजूर आणण्याची जी व्यवस्था उभी राहिली, तिच्यातील पहिले जहाज ‘फतेल रझाक’ ३० मे १८४५ रोजी त्रिनिदादला पोहोचले. १९१७ पर्यंत सुमारे १,४४,००० माणसे या बेटावर आली. बहुसंख्य भोजपुरी-अवधी पट्ट्यातील आणि कलकत्त्याहून निघालेली, थोडी मद्रासहून. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शंभर पुरुषांमागे चाळीस स्त्रिया, असे प्रमाण वसाहतीच्या नियमांनी ठरविले होते. यांपैकी पुष्कळ स्त्रिया विधवा, परित्यक्ता किंवा एकट्याच निघालेल्या होत्या, हे गिरमिटियांच्या इतिहासकारांनी दाखवून दिले आहे. मळ्यात त्या मजुरी मिळविणाऱ्या होत्या. त्यांनी सोबत आणलेल्या गाण्यांकडे पाहताना हे विसरून चालत नाही.

त्या गाण्यांचे घर म्हणजे मटकोर. लग्नाच्या आधी स्त्रिया वाजतगाजत जाऊन माती खणतात, ती विधीसाठी घरी आणतात, आणि त्यानंतर रात्री अंगणात गाणे-नाचणे होते. त्रिनिदादमध्ये हा कार्यक्रम रविवारच्या लग्नाआधीच्या शुक्रवारी रात्री होऊ लागला. पुरुषांना तेथे मज्जाव असे. वयस्क बायका ढोलक घेऊन बसत, धंतालाची लोखंडी कांब खणखणे, आणि शरीरसंबंधाविषयीची उघड, चावट गाणी नववधूच्या कानांवर पडत. थट्टा, शिकवण आणि सूड या तिन्ही गोष्टी त्यांत असत. पूर्वांचलातील ‘गारी’ किंवा वरात गेल्यावर घरी राहिलेल्या स्त्रियांचे ‘डोमकच’ यांचे हे जवळचे नातलग. मराठी वाचकाला आपल्या ‘विहिणी’ आठवतील, जरी आपल्याकडील छापील संग्रहांत शिरताना त्या बऱ्याच सोवळ्या झाल्या. मटकोराच्या अंगणात कोणालाही ‘भारतीय’ म्हणवून घेण्याची गरज नव्हती, कारण जमलेल्या सगळ्याजणीच तशा होत्या. परका होता तो घरातलाच पुरुष.

या संगीतातील दुसरे वाद्य ‘तासा’, म्हणजे आपला ताशा. आज तो हिंदू लग्नांत अपरिहार्य मानला जात असला तरी त्रिनिदादमध्ये त्याची मोठी परंपरा मोहरमची, तेथे ज्याला ‘होसे’ म्हणतात त्या मिरवणुकीची. त्या मिरवणुकीत हिंदू मजूर सामील होत आणि आफ्रिकी वंशाचे लोकही ताबूत ओढीत. ३० ऑक्टोबर १८८४ रोजी सान फर्नांडो येथे शासनाने बंदी घातलेल्या मिरवणुकांवर गोळीबार झाला व किमान सोळा माणसे मेली. पुण्यातील गणेशोत्सवात ढोल-ताशा ऐकणाऱ्याला या वाद्याची मोहरमशी असलेली जवळीक नवी नाही. चटणीची मुळे शुद्ध हिंदू होती असे म्हणणाऱ्याने आधी या ताशाचे काय करायचे ते ठरवावे.

अंगणातून मंचावर येण्याची प्रक्रिया संथ होती. सुरिनाममधील रामदेव चैतू आणि द्रौपदी यांच्या ध्वनिमुद्रिकांनी धार्मिक व लग्नगीतांना नाचण्याजोगी लय दिली. त्रिनिदादमध्ये बराकपूर गावच्या सुंदर पोपो (१९४३–२०००) या, ताशा वाजविणाऱ्याच्या मुलाने १९७० च्या सुमारास ‘नाना अँड नानी’ हे गाणे गायले. मद्याच्या धुंदीतल्या आजा-आजीचे हे विनोदी चित्र त्याने अर्धे तेथील हिंदीत आणि अर्धे इंग्रजीत रंगविले. त्याच सुमारास सुरू झालेल्या ‘मस्ताना बहार’ या दूरचित्रवाणीवरील स्पर्धेने अशा गायकांना व्यासपीठ दिले. ‘चटणी’ हे नाव मात्र त्यानंतर, १९८० च्या दशकात रूढ झाले. म्हणजे ज्या नावाखाली आपण या संगीताची प्राचीन मुळे शोधतो, ते नावच पन्नाशीच्या आतले आहे!

या काळापर्यंत भोजपुरी ही नव्या पिढीची बोलण्याची भाषा उरली नव्हती. गाणारे व नाचणारे अशा शब्दांवर ठेका धरीत, ज्यांचा अर्थ त्यांना पुरता ठाऊक नसे. तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाला हा ऱ्हास वाटण्याचा संभव आहे. डेरेक वॉलकॉट यांनी १९९२ च्या आपल्या नोबेल व्याख्यानात फेलिसिटी गावच्या रामलीलेविषयी हीच कबुली दिली आहे : समोरच्या जिवंत उत्सवाला हरवलेल्या भारताची आठवण समजण्याची चूक आपल्या हातून झाली. चटणीलाही हेच लागू आहे. येथे शब्द अर्थाचे ओझे उतरवून लयीचे अंग झाले आहेत; त्यांचे काम कळणे हे नसून ‘आपले’ वाटणे हे आहे. भाषा जाते तेथे वांशिक ओळख गाण्याला इतकी घट्ट का चिकटते, याचे एक कारण येथे आहे.

१९८० च्या दशकात चटणीच्या जाहीर मैफली भरू लागल्या आणि तेथे स्त्रिया पुरुषांसमोर, कमरेच्या हालचालींसह, मुक्तपणे नाचू लागल्या. लगोलग वाद पेटला. काही हिंदू संघटनांनी व वृत्तपत्रीय टीकाकारांनी हे नृत्य अश्लील ठरविले. आक्षेपाचा गाभा असा की ही कंबर भारतीय नाही, ती कार्निव्हलमधून, आफ्रिकी समाजाकडून उसनी घेतली आहे. समर्थकांचे उत्तर होते : ही कंबर मटकोरातलीच आहे. इतिहासदृष्ट्या समर्थकांची बाजू मला अधिक बळकट वाटते. पण दोन्ही पक्षांनी एक गोष्ट गृहीतच धरली की स्त्रीच्या देहाची हालचाल ही समाजाच्या वंशाची साक्ष आहे. तेजस्विनी निरंजना यांनी ‘मोबिलायझिंग इंडिया’ (२००६) या ग्रंथात दाखविल्याप्रमाणे, भारतातील राष्ट्रवादाने घडविलेल्या ‘भारतीय स्त्री’च्या प्रतिमेत गिरमिटिया स्त्रीला जागा नव्हती. तिच्या पणतीला मात्र त्याच प्रतिमेच्या मापाने मोजले गेले. १९८७ साली ‘चटणी सोका’ हे गाणे गाऊन या मिश्रणाला नाव देणाऱ्या द्रुपती रामगुनाई यांनाही टीका सोसावी लागली. कॅलिप्सोच्या, म्हणजे आफ्रिकी पुरुषांच्या मानलेल्या मंचावर एक भारतीय स्त्री उभी राहिली, हे अनेकांना खपले नाही.

यातला विरोधाभास ‘सोका’च्या जन्मकथेत दडला आहे. सोका हे कृष्णवर्णीयांचे संगीत, असा समज. पण त्याचा जनक लॉर्ड शॉर्टी भारतीय वस्तीच्या लेंगुआ गावात वाढला. १९७३ च्या ‘इंद्राणी’ या गाण्यात त्याने भारतीय वाद्ये व ठेके वापरले, आणि नव्या प्रकाराच्या नावातला ‘का’ आपण भारतीय वर्णमालेतून घेतला, असे तो सांगे. ‘इंद्राणी’वर भारतीय समाजातून रोष ओढवला. तेव्हा एकाच्या ठेक्याने दुसऱ्याचे संगीत बदलले, आणि ते परत येताच मूळ घराने त्याला परके ठरविले.

१९६२ च्या स्वातंत्र्यानंतर स्टीलबँड, कॅलिप्सो आणि कार्निव्हल यांना राष्ट्रीय संस्कृतीचा मान मिळाला, लोकसंख्येत जवळजवळ तुल्यबळ असलेले भारतीय (२०११ च्या जनगणनेत ३५.४ टक्के, आफ्रिकी वंशाचे ३४.२ टक्के) त्या चित्राच्या कडेला राहिले. १९९५ मध्ये बासदेव पांडे हे भारतीय वंशाचे पहिले पंतप्रधान झाले, १९९६ मध्ये चटणी-सोकाची राष्ट्रीय स्पर्धा सुरू झाली. त्याच वर्षी ब्रदर मार्विनने ‘जहाजी भाई’ या गाण्यात आफ्रिकी व भारतीय यांना एकाच जहाजाचे बांधव म्हटले. त्याचे स्वागत झाले तसा निषेधही झाला : गुलामांचे जहाज आणि गिरमिटियांचे जहाज एक कसे, असा प्रश्न आफ्रिकी बाजूने आला, आणि तो अनाठायी नव्हता. दोन्हींच्या मध्ये जो खरोखर उभा आहे त्याला त्रिनिदादमध्ये ‘डुगला’ म्हणतात, म्हणजे आपला ‘दोगला’, शिवीतून आलेला शब्द. सर्वांना आपापल्या देशी परत पाठवायचे ठरले तर माझे दोन तुकडे करणार काय, असे ‘माइटी डुगला’ नावाच्या गायकाने १९६१ सालीच विचारून ठेवले होते.

भारतात हे संगीत परत आले ते मुंबईच्या कांचन आणि बाबला यांच्या ध्वनिमुद्रिकांतून; सुंदर पोपोचे ‘कैसे बनी’ आपल्याकडे पोहोचले ते मुख्यतः त्यांच्या आवाजात. २००७ च्या ‘जहाजी म्यूझिक’ या सुरभी शर्मा यांच्या माहितीपटात गोव्याचे रेमो फर्नांडिस कॅरिबियन कलावंतांबरोबर गाताना दिसतात. इंदूरच्या मराठी घरातल्या स्नेहा खानवलकर यांनी ‘गँग्ज ऑफ वासेपूर’ (२०१२) साठी त्रिनिदादच्या वेदेश सुकू यांच्याकडून ‘हंटर’ गाऊन घेतले, आणि झारखंडातील कोळसाखाणींच्या कथेत, बिहारच्याच शेजारी, ते गाणे वाजले. येथील श्रोत्याला त्यातली हिंदी परकी, गमतीदार वाटली. ती कोणे एके काळी याच परिसरातून गेली होती हे पुष्कळांच्या ध्यानातही आले नाही.

दरम्यान त्रिनिदादमधल्या मटकोरात फरक पडला आहे. पुष्कळ ठिकाणी आता ध्वनिक्षेपकावर चटणी लागते किंवा भाड्याचे ताशावाले येतात, आणि पुरुषही अंगणात असतात. म्हाताऱ्या बायका माती खणायला अजून पुढे जातात. ढोलक मात्र सगळीकडे त्यांच्या हाती राहिलेला नाही.