पिंड की प्रतिज्ञा?

माणूस गेल्यावर मागे काय उरते? ब्राह्मणी धर्माचे उत्तर ठरलेले आहे : मुलगा, श्राद्ध आणि पिंड. म्हणजे वारसा रक्ताचा, आणि रक्तासोबत जातीचाही.

हा वारसा बाबासाहेबांनी नाकारला. हिंदू म्हणून मरणार नाही, हे त्यांनी १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्यात जाहीर केले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बुद्ध धम्म स्वीकारला. मधली एकवीस वर्षे त्यांनी धर्म तपासण्यात घालवली. त्यांची श्रद्धा अशी तावूनसुलाखून निघालेली होती. दीक्षा देताना त्यांनी अनुयायांकडून २२ प्रतिज्ञा वदवून घेतल्या. त्यातली सहावी श्राद्धपक्ष आणि पिंडदान नाकारते. दहावी समतेसाठी झटायला सांगते.

त्यानंतर त्यांना अवघे ५३ दिवस मिळाले. ७ डिसेंबरला दादर चौपाटीवर अंत्यसंस्कार झाले. तिथेच, चितेच्या साक्षीने, भदंत आनंद कौसल्यायन यांच्याकडून हजारोंनी दीक्षा घेतली. बापाच्या मृत्यूनंतर लेकरांनी काय करावे, याचे नवे उत्तर त्या दिवशी मिळाले.

आज आपण दीक्षाभूमीवर जातो, चैत्यभूमीवर रांगा लावतो. पण घरात कुणी गेले की कावळ्याला घास ठेवणारे आणि पोटजात पाहून सोयरीक जुळवणारे आपल्यातही आहेत. जन्माने वारस ठरवणे ही जातीची रीत आहे. बाबासाहेबांचा वारस आचरणानेच ठरतो. बावीसपैकी किती प्रतिज्ञा आपण पाळतो, हे प्रत्येकाने आज आपल्या घरापासून तपासावे.

जय भीम!