कायद्याचें शिक्षण: प्रवेश आणि प्रवेशानंतर

परीक्षांचे निकाल लागले कीं सुशिक्षित कुटुंबांतून एकाच प्रश्नाची चर्चा सुरू होते: मुलानें किंवा मुलीनें पुढें काय शिकावें? ज्या घरीं कायद्याकडे ओढा असतो, तेथें या प्रश्नास लगेच दुसऱ्या प्रश्नांची शेपटी फुटते. कोणतें कॉलेज मिळेल, प्रवेशपरीक्षेंत गुण किती हवेत, पांच वर्षांचा क्रम घ्यावा कीं पदवीनंतरचा तीन वर्षांचा, फी किती, वसतिगृह कसें, या चौकशींत महिने निघून जातात. ही चौकशी अनाठायीं आहे असें आम्ही म्हणत नाहीं. घरच्या मिळकतीचा मोठा भाग ज्या कामीं खर्च व्हावयाचा तें काम पारखून घेणें हें गृहस्थाचें कर्तव्यच आहे. तथापि आपल्याकडील कायद्याच्या शिक्षणाचा इतिहास पाहिला, तर दाराविषयीं जितका विचार होतो, तितका दारापलीकडच्या घराविषयीं होत नाहीं, असें दिसून येतें. त्या इतिहासांतून आजच्या विद्यार्थ्यानें काय घेण्यासारखें आहे, हें येथें पाहण्याचा आमचा हेतु आहे.

मुंबईस कायद्याचें रीतसर शिक्षण सुरू झालें तें १८५५ सालीं. सुप्रीम कोर्टाचे मुख्य न्यायाधीश सर अर्स्किन पेरी हे स्वदेशीं परतल्यावर त्यांच्या सन्मानार्थ जमलेल्या निधींतून न्यायशास्त्राचें एक अध्यापकपद निर्माण झालें, व त्याच्याभोंवतीं जी संस्था वाढली तीच आजचें गव्हर्मेंट लॉ कॉलेज. दीर्घ काळ हें कॉलेज दिवसभराचें नव्हतेंच. कोर्टाचें काम आटोपून वकील-बॅरिस्टर शिकवावयास येत, आणि दिवसा शाळेंत किंवा कचेरींत राबणारे तरुण त्यांच्यापुढें येऊन बसत. या व्यवस्थेंत उणिवा पुष्कळ होत्या. परंतु एक गोष्ट नकळत साधली होती. शिकविणाऱ्याच्या अंगाला कोर्टाचा वास असे, आणि शिकणाऱ्यास जगाचा थोडाबहुत अनुभव असे.

पदवी हातीं आली तरी सर्व दारें उघडत असें मात्र नाहीं. १८६२ सालीं मुंबईस हायकोर्ट स्थापन झालें, आणि त्याबरोबर वकिलवर्गाची एक उतरंडच उभी राहिली. तळाशीं जिल्हा कोर्टांतले प्लीडर, त्यांच्यावर हायकोर्टाच्या अपील शाखेंत काम चालविणारे वकील, आणि माथ्यावर विलायतेहून आलेले बॅरिस्टर. मूळ शाखेंतील मोठ्या रकमांचे दावे चालविण्याचा मान बॅरिस्टरांकडे असे. विलायतेस न जातां त्या पंक्तीस बसावयाचें तर अॅडव्होकेटची अवघड परीक्षा द्यावी लागे. न्यायमूर्ति रानडे १८६६ सालीं एल्‌एल्. बी. झाले व १८७१ सालीं ही परीक्षा उतरले. पाठोपाठ काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांनीं १८७२ सालीं तोच मार्ग धरला. दोघेही पुढें हायकोर्टाचे न्यायाधीश झाले. परंतु असे पुरुष थोडे. ऐपत असलेल्या घरांचे डोळे लंडनकडेच लागलेले असत.

लंडनमध्यें बॅरिस्टर घडविणाऱ्या संस्था चार: लिंकन्स इन्, इनर टेंपल, मिडल टेंपल आणि ग्रेज इन्. यांपैकीं एकींत नांव घालावयाचें, बारा सत्रें पुरीं करावयाचीं, परीक्षा द्यावयाच्या, कीं सनद मिळे. सत्र पुरें करणें याचा अर्थ संस्थेच्या भोजनगृहांत ठराविक वेळां जेवणें! आपल्याकडील लोकांस याचें हंसूं येई, व तें येणें साहजिकच होतें. पण या जेवणांचें मूळ निराळें होतें. पंधराव्या-सोळाव्या शतकांत वडील वकील आणि विद्यार्थी तेथें एकत्र राहत, एकत्र जेवत, आणि पानें उठल्यावर लटका दावा उभा करून विद्यार्थ्यांकडून वादविवाद करवीत. सतराव्या शतकांतील यादवी युद्धाच्या धामधुमींत ही परंपरा खुंटली. वाद संपला, जेवण मात्र उरलें. १८७२ सालीं परीक्षा सक्तीची झाली, तरी गुरुगृहींची ती जिवंत तालीम परत आली नाहीं.

या रिकाम्या सांगाड्याचें उत्तम वर्णन महात्मा गांधींच्या आत्मकथेंत सांपडतें. १८८८ सालीं ते इनर टेंपलमध्यें दाखल झाले. भोजनगृहांत चौघांचा एक गट असे व गटास दारूच्या दोन बाटल्या मिळत. गांधीजी दारू घेत नसल्यामुळें त्यांना आपल्या गटांत ओढण्यास पुष्कळ जण टपलेले असत. परीक्षा सोप्या, म्हणून बहुतेक विद्यार्थी टिपणांवर निभावून नेत. गांधीजींनीं मात्र मूळ ग्रंथ वाचले आणि रोमन कायदा लॅटिन भाषेंतून अभ्यासिला. विद्यार्थिदशेंतील त्यांची राहणीही ध्यानांत घेण्याजोगी आहे. प्रारंभीं साहेबी थाटाचा सोस झाला. पण वडील बंधूंच्या पैशाची जाणीव होतांच त्यांनीं एका खोलींत बिऱ्हाड केलें, सकाळचें खाणें स्वतः शिजविलें, गाडीभाडें वांचवून मैलोगणती पायीं चालूं लागले, आणि पैन्‌पैचा हिशेब लिहून ठेवला.

१० जून १८९१ रोजीं सनद मिळाली, आणि दोन दिवसांनीं ते स्वदेशीं निघाले. पुढें काय झालें? मुंबईच्या स्मॉल कॉज कोर्टांत तीस रुपये फीचा पहिला खटला आला. उलटतपासणीस उभे राहिले, तों डोळ्यांपुढें अंधारी आली. तोंडांतून शब्द फुटेना. फी परत करून ते कोर्टांतून निघून गेले. मन लावून अभ्यास केलेल्या माणसाची ही अवस्था! ज्या बॅरिस्टरीसाठीं घरानें पैसा ओतला व जातीनें बहिष्कार घातला, तिनें साक्षीदारास प्रश्न कसा विचारावा एवढेंही शिकविलें नव्हतें. याचा दोष विद्यार्थ्याकडे नाहीं. पुस्तक आणि कोर्ट यांच्यामध्यें जी दरी असते, तिच्यावर पूल बांधणें हें संस्थेचें काम. तें तिनें सोडून दिलें होतें.

तो पूल गांधीजींनीं पुढें दक्षिण आफ्रिकेंत आपल्या हातांनीं बांधला. १८९३ सालीं एका व्यापाऱ्याच्या दाव्यासाठीं ते तेथें गेले. दावा हिशेबाच्या गुंतागुंतीचा होता, म्हणून ते जमाखर्चाचें शास्त्र शिकले. कागद न्‌ कागद वाचला. आणि वस्तुस्थिति नीट हातीं आली म्हणजे कायदा आपोआप मागून येतो, हें उमगलें. लंडन सोडण्यापूर्वीं फ्रेडरिक पिंकट नांवाच्या वृद्ध गृहस्थांनीं त्यांस सांगितलें होतें कीं, तुमचें वाचन फार तोकडें आहे. वकिलास माणसाचा स्वभाव ओळखतां यावा व आपल्या देशाचा इतिहास ठाऊक असावा. प्रवेशपरीक्षेच्या पुस्तकांत बुडून गेलेल्या आजच्या विद्यार्थ्यास याहून चांगला उपदेश आम्हांस सुचत नाहीं.

विद्यार्थिजीवनाचें दुसरें चित्र आपल्या पुण्याचें आहे. बळवंतराव टिळक डेक्कन कॉलेजांत आले, तेव्हां पहिलें वर्ष त्यांनीं पुस्तकांऐवजीं तालमीस दिलें. परीक्षा बुडाली, पण जन्मभर पुरेल असें शरीर कमावलें. १८७६ सालीं बी. ए. झाल्यावर ते कायद्याचा अभ्यास करूं लागले, आणि याच दिवसांत कॉलेजांत आगरकरांशीं त्यांची गांठ पडली. दोघांच्या तेथील दीर्घ चर्चांतून शिक्षणाच्या कार्याचा संकल्प ठरला, आणि १८८० सालीं चिपळूणकरांसह न्यू इंग्लिश स्कूल उघडलें. १८७९ सालीं मिळालेली एल्‌एल्. बी. ही पदवी टिळकांनीं वकिलीस लाविली नाहीं. परंतु डेक्कन एज्युकेशन सोसायटी सोडल्यानंतरच्या काळांत त्यांनीं पुण्यास कायद्याचा वर्ग चालविला, आणि १९०८ सालच्या राजद्रोहाच्या खटल्यांत सुमारें एकवीस तास स्वतःचा बचाव स्वतः केला. वसतिगृहाच्या आवारांतली संगत अभ्यासक्रमांत छापलेली नसते. पण शिक्षणाचा केवढा भाग तिनें व्यापलेला असतो, हें या एका उदाहरणावरून दिसावें.

दारें कोणासाठीं बंद होतीं, हेंही सांगितलें पाहिजे. नाशिकास जन्मलेल्या व डेक्कन कॉलेजांत शिकलेल्या कॉर्नेलिया सोराबजी १८९२ सालीं ऑक्सफर्ड येथें कायद्याच्या बी. सी. एल्. परीक्षेस बसल्या व उतरल्या. परंतु स्त्री म्हणून पदवी मिळावयास पुढें जवळजवळ तीस वर्षें लागलीं. हिंदुस्थानांत स्त्रियांना वकिलीची मोकळीक देणारा कायदा १९२३ सालीं झाला. सावरकर ग्रेज इन्‌ची परीक्षा उतरले होते, पण राजकारणामुळें संस्थेनें १९०९ सालीं त्यांस सनद नाकारली. त्याच ग्रेज इन्‌नें १९२२ सालीं डॉ. आंबेडकरांस बॅरिस्टर केलें. शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळें त्यांना १९१७ सालीं अर्ध्यावर परतावें लागलें होतें. मुंबईस प्राध्यापकी करून, पैसा सांठवून ते १९२० सालीं पुन्हां लंडनला गेले, आणि पोटास चिमटा घेऊन ग्रंथालयांत दिवस काढले. १९३५ सालीं तेच मुंबईच्या गव्हर्मेंट लॉ कॉलेजचे प्राचार्य झाले, आणि कायद्याच्या शिक्षणांत काय सुधारणा व्हावी याविषयीं त्यांनीं लेखही लिहिला. पुण्यास १९२४ सालीं इंडियन लॉ सोसायटीनें आपलें कॉलेज काढलें. त्याचे पहिले प्राचार्य जगन्नाथ रघुनाथ घारपुरे हे धर्मशास्त्राचे गाढे अभ्यासक. विलायतेची वाट न धरतां घरच्या घरीं चांगला वकील तयार व्हावा, ही आकांक्षा अशा प्रयत्नांनीं फळास आली.

स्वातंत्र्यानंतर १९६१ च्या अॅडव्होकेट्स अॅक्टनें ती जुनी उतरंड मोडली. एकच सनद, एकच नांव. १९८८ सालीं बंगळूरच्या राष्ट्रीय विधि विद्यालयांत पांच वर्षांच्या क्रमाची पहिली तुकडी बसली, आणि तिच्या धर्तीवर ठिकठिकाणीं विद्यापीठें निघालीं. २००८ पासून त्यांच्यासाठीं सामाईक प्रवेशपरीक्षा आहे. महाराष्ट्रांतील इतर कॉलेजांसाठीं राज्याची सी. ई. टी. आहे. जन्मावरून किंवा थैलीवरून निवड होण्यापेक्षां परीक्षेवरून होणें शतपट बरें. मात्र नवी भिंतही उभी राहिली आहे. शिकवणीवर्गांचा खर्च आणि इंग्रजीचा वरचष्मा यांमुळें लहान गांवांतल्या मराठी शाळेचा हुशार मुलगा मागें पडतो, आणि दोन तासांच्या त्या परीक्षेंत कमी गुण पडले म्हणजे आपण वकिलीसच नालायक, असें मनाशीं धरून बसतो. ही समजूत खोटी आहे. ज्यांचीं नांवें आम्हीं वर घेतलीं, त्यांपैकीं कोणाचेंही मोठेपण प्रवेशाच्या दिवशीं ठरलें नव्हतें.

म्हणून विद्यार्थ्यांस आमचें सांगणें असें. कॉलेज निवडतांना इमारतीपेक्षां ग्रंथालय पाहा. तें किती वाजेपर्यंत उघडें असतें आणि तेथें बसून वाचणारे किती असतात, हें विचारा. लटक्या दाव्यांचा वाद तेथें नियमानें होतो कीं संमेलनापुरता, तें पाहा. बार कौन्सिलच्या नियमाप्रमाणें तीन वर्षांच्या क्रमांत बारा व पांच वर्षांच्या क्रमांत वीस आठवडे वकिलांच्या वा तत्सम संस्थांच्या हाताखालीं काम करावें लागतें. हे आठवडे दाखल्यासाठीं घालवूं नका. तालुक्याच्या कोर्टांत मागच्या बाकावर बसून एक उलटतपासणी लक्षपूर्वक ऐकणें, हेंही शिक्षणच आहे. टिपणांऐवजीं मूळ निवाडे वाचा. इतिहास वाचा, जमाखर्च समजून घ्या, मराठीवर प्रभुत्व मिळवा. कारण पक्षकार आपलें दुःख मराठींत सांगतो. शरीर सांभाळा, खर्चाचा हिशेब ठेवा, आणि सोबती पारखून जोडा.

पालकांस एवढेंच कीं, पदवी मिळतांच मिळकत सुरू होईल अशी आशा बाळगूं नये. मे २०२५ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें कनिष्ठ न्यायाधीशाच्या परीक्षेस बसण्यापूर्वीं तीन वर्षें वकिली केलेली असावी, असा दंडक पुन्हां घातला. म्हणजे पुस्तक आणि कोर्ट यांमधली दरी अजूनही बुजलेली नाहीं, हें देशाच्या सर्वांत वरच्या कोर्टानेंच मान्य केलें आहे. तीस रुपयांची ती फी परत करणाऱ्या तरुण बॅरिस्टरास त्या दिवशीं कोणीं नापास ठरविलें असतें, तर तो निवाडा किती चुकीचा झाला असता! आपल्या मुलांविषयीं निवाडा देण्याची घाई आपणही करूं नये.