अर्भकसंगोपन व शिशुपोषण (भिलाई)

जन्मापासून दुसऱ्या वर्षाच्या अखेरीपर्यंत बालकास दूध व अन्न देणे, न्हाऊमाखू घालणे, उबेत व स्वच्छ ठेवणे आणि त्याच्या दुखण्याची लक्षणे वेळीच ओळखणे या नित्याच्या व्यवस्थेस अर्भकसंगोपन म्हणतात. प्रस्तुत नोंदीत या विषयाचा विचार छत्तीसगढातील दुर्ग जिल्ह्याच्या भिलाई या पोलादनगरीस, व विशेषतः तेथील मराठी कुटुंबांस, अनुलक्षून केला आहे.

या मुलुखाशी मराठी माणसाचा संबंध कारखान्याहून पुष्कळ जुना आहे. अठराव्या शतकाच्या मध्यास नागपूरकर भोसल्यांचा अंमल छत्तीसगढावर बसला, बिंबाजी भोसल्यांनी रतनपुरास राहून तेथील कारभार पाहिला, आणि पुढे मध्यप्रांताच्या व १९५६ पर्यंत जुन्या मध्य प्रदेशाच्या काळात दुर्ग जिल्ह्याची राजधानी नागपूर हीच राहिल्यामुळे विदर्भातील अनेक घराणी कारकुनी, वकिली व शिक्षकी यांच्या निमित्ताने दुर्ग, राजनांदगाव व रायपूर येथे स्थायिक झाली. १९५५ साली सोव्हिएत संघाशी करार होऊन भिलाईस पोलादाचा कारखाना उभारण्याचे ठरले, ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले, आणि देशाच्या सर्व प्रांतांतून आलेल्या तरुण कामगारांची बिऱ्हाडे सेक्टरांतील क्वार्टरांत थाटली गेली. नव्याने वसलेल्या अशा नगरीत घरोघरी आजी नसते. पहिल्या खेपेस सून नागपूर, वर्धा, अमरावतीकडील माहेरी जाई; पुढच्या खेपेस तिची आई गाडीने दुर्गास उतरून महिना-सव्वा महिना लेकीजवळ राही आणि तिची परतीची वेळ झाली म्हणजे दोन खोल्यांच्या क्वार्टरात, पाळीवरून परतून दिवसा झोपलेल्या नवऱ्याची झोप मोडू न देता, त्या तरुण मातेस सारे एकटीने निभवावे लागे. आजही परिस्थिती फारशी पालटलेली नाही. म्हणूनच कोणाच्या सल्ल्याने काय करावे हा प्रश्न येथे इतर गावांपेक्षा अधिक निकडीचा आहे.

मराठी घरांत चालत आलेल्या बाळंतपणाच्या वहिवाटीविषयी प्रस्तुत लेखकाचे मत असे की, तिने बाळंतिणीची बूज फार उत्तम रीतीने राखली, परंतु अर्भकाच्या बाबतीत ती अनेक ठिकाणी चुकली. सव्वा महिन्याची विश्रांती, ताजे व गरम जेवण, हळिवाची खीर, डिंकाचे व मेथीचे लाडू, बाळंतशेपा, आणि सोबतीस एक अनुभवी स्त्री या योजनेत थकलेल्या शरीराची खरी काळजी आहे. छत्तीसगढी शेजारघरीही हीच जाण आढळते. तेथे प्रसूतीनंतर सुंठ, गूळ व वनौषधी उकळून केलेले काँकेपाणी बाळंतिणीस पाजतात आणि छठीच्या दिवशी ते आल्यागेल्यासही देतात. आईस कमी जेवू घालण्याची व पाणी तोडण्याची जी चाल काही घरांत आहे ती मात्र सर्वथैव त्याज्य होय, कारण दूध पाजणाऱ्या स्त्रीस नेहमीपेक्षा अधिक अन्न व तहानेपुरते मुबलक पाणी लागते. बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून माता व मूल दोघांना शेक देणे हेही धोक्याचे आहे. तो धूर फुप्फुसास अपाय करतोच, शिवाय कोंडलेल्या खोलीतील कोळशाच्या विषारी वायूने जीवही जाऊ शकतो.

अर्भकाच्या पोषणाचा मुख्य नियम थोडक्यात सांगता येतो. जन्मानंतर एका तासाच्या आत मूल अंगावर घ्यावे. पहिले सहा महिने त्यास आईच्या दुधावाचून दुसरे काहीही, पाण्याचा थेंबसुद्धा, देऊ नये. सहा महिने पुरे होताच वरचे अन्न सुरू करावे. आणि दोन वर्षे किंवा त्याहूनही पुढे स्तन्यपान चालू ठेवावे. जागतिक आरोग्य संघटनेचा हा निर्वाळा आहे व भारत सरकारनेही तोच स्वीकारला आहे. शस्त्रक्रियेने प्रसूती झालेल्या स्त्रीसही तो लागू आहे, फक्त मूल कुशीत धरण्यास तिला कोणाचा तरी हात लागतो. पहिल्या दोन-तीन दिवसांचा घट्ट, पिवळसर चीक अशुद्ध मानून पिळून टाकण्याची रीत कित्येक घरांत होती. वास्तविक रोगप्रतिकारक द्रव्यांनी इतका समृद्ध आहार त्या बालकास पुन्हा कधीही मिळत नाही, आणि नवजाताचे जठर अत्यंत लहान असल्यामुळे त्याचे थोडेसे प्रमाणही त्यास पुरते. जन्मल्याबरोबर मध चाटविणे हेही वर्ज्य होय, कारण मधातील जंतुबीजांपासून वर्षाआतील मुलांस क्वचित प्राणघातक विषबाधा होते.

दूध पुरत नाही ही नव्या मातेची सर्वांत मोठी धास्ती असते, व ती बहुधा निराधार असते. अहोरात्र आठ ते बारा वेळा मूल अंगावर प्यावे, त्याने तोंड मोठे उघडून केवळ बोंडच नव्हे तर भोवतीचा काळसर भागही पुष्कळसा मुखात घ्यावा, हनुवटी छातीस टेकावी, आणि गिळण्याचा आवाज कानी यावा. असे झाले म्हणजे बोंडास चिरा पडत नाहीत व पान्हाही वाढतो, कारण जितके दूध ओढले जाईल तितके तयार होते. पहिल्या आठवड्यानंतर मूल दिवसाकाठी सहा किंवा अधिक वेळा लघवी करीत असेल तर त्यास दूध पोचते आहे असे खुशाल समजावे. पहिल्या काही दिवसांत बालकाचे वजन किंचित घटते. दोन आठवड्यांच्या सुमारास ते पूर्ववत होते, पाचव्या महिन्याच्या आसपास जन्मवजनाच्या दुप्पट व वर्षाअखेर तिप्पट होते. पाजून झाल्यावर खांद्यावर घेऊन ढेकर काढावी, आणि झोपविताना उताणेच निजवावे.

भिलाईच्या उन्हाळ्यात या नियमाची खरी कसोटी लागते. वैशाखात पारा ४४ अंशांवर जातो, कूलर असूनही खोली तापते, आणि शेजारची प्रत्येक प्रौढ स्त्री कळवळून सांगते की, लेकराच्या घशाला कोरड पडली असेल, दोन चमचे पाणी तरी पाज. या कळवळ्यातील माया खरी आहे. सल्ला मात्र चुकीचा आहे. आईच्या दुधात सुमारे ८८ टक्के पाणीच असते. उन्हाळ्यात मूल वारंवार व थोडे थोडे पिते ते तहान भागविण्यासाठीच. वरून पाजलेले पाणी लहानशा पोटाची जागा अडविते, दुधाची ओढ कमी करते आणि जंतूंना वाट करून देते. अशा दिवसांत मुलास एकच पातळ सुती झबले घालावे, टोपडे व दुपटी दूर ठेवावीत, कूलरचा झोत थेट अंगावर येऊ देऊ नये, आणि पाणी प्यावे ते आईने. पौष-माघात उलट काळजी घ्यावी: डोके झाकावे, आणि वजनाने कमी असलेले मूल आईच्या उघड्या छातीशी, कातडीस कातडी लावून, तासन् तास धरावे.

बाळगुटीचा प्रश्न नाजूक आहे, कारण तीत आजीचे वात्सल्य गुंतलेले असते. सहाणेवर मुरडशेंग, बाळहिरडा, हळकुंड, वेखंड, जायफळ, मायफळ, अतिविष, सागरगोटी यांचे ठरावीक वेढे उगाळून ते आईच्या दुधात कालवून देण्याची चाल विदर्भातून येथेही आली. त्यांतील वनस्पतींस आयुर्वेदात स्थान आहे हे खरे. तथापि सहाण निर्जंतुक नसते, वेढ्यांचे प्रमाण हातागणिक बदलते, आणि जायफळ व वेखंड यांचा अतिरेक झाल्यास मूल सुस्त होते. त्या सुस्तीस शांत झोप समजून घरचे समाधान पावतात, येथेच धोका आहे. सहा महिन्यांपर्यंत गुटी देऊ नये असेच प्रस्तुत लेखकाचे आग्रहाचे सांगणे आहे. आजीच्या हाताला काम हवे असेल तर मालीश तिच्याकडे द्यावे, कारण हलक्या हाताने केलेले तेलमालीश मुलास मानवते. मात्र नाकाकानांत तेल सोडू नये, टाळू दाबू नये, डोळ्यांत काजळ घालू नये, नाळेवर काहीही न लावता ती कोरडी ठेवावी, आणि पहिले स्नान निदान एक दिवसाने घालावे.

नोकरी करणाऱ्या मातेसाठी कायद्याने तरतूद केलेली आहे. १९६१ च्या प्रसूतिलाभ अधिनियमात २०१७ साली दुरुस्ती होऊन पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा मुक्रर झाली, आणि पन्नास वा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेने पाळणाघर ठेवावे व मातेस तेथे दिवसातून चार वेळा जाऊ द्यावे असे ठरले. रजा संपल्यावर स्वच्छ हातांनी काढलेले दूध झाकून शीतकपाटात ठेवावे, चोवीस तासांत वापरावे, आणि बाटलीऐवजी वाटी-चमच्याने किंवा उकळून घेतलेल्या बोंडल्याने पाजावे. दुधाच्या डब्यांची व बाटल्यांची जाहिरात १९९२ च्या कायद्याने निषिद्ध आहे. कोणी हितचिंतक म्हणून डबा पुढे केला तर एवढे ध्यानात ठेवावे.

उष्टावण मुलाचे सम व मुलीचे विषम महिन्यात करण्याचा प्रघात असल्याने मुलीस पाचव्याच महिन्यात अन्न सुरू होण्याचा संभव असतो. मुलगा असो वा मुलगी, सहा महिने पूर्ण होऊ द्यावेत. प्रारंभी दोन-तीन चमचे, हळूहळू अर्धी वाटी, दिवसातून दोन-तीन वेळा. नवव्या महिन्यापासून तीन-चार वेळा, असा क्रम ठेवावा. वरणाचे वरचे पाणी, भाताची पेज किंवा छत्तीसगढी पसिया यांनी पोट भरते पण मूल बाळसे धरत नाही. अन्न चमच्यावरून ओघळणार नाही इतके घट्ट असावे. मऊ मूगखिचडीत चमचाभर तूप, मुनग्याचा (शेवग्याचा) पाला, लाल भाजी, कुस्करलेले केळे, चालत असेल त्या घरी उकडलेले अंडे, हे सर्व येथील बाजारात सहज मिळते. वर्षाआत मीठ व साखर घालू नये, आणि गाईचे दूध हा मुख्य आहार करू नये. दुर्ग-राजनांदगावकडे तिवरा व विदर्भात लाखोळी या नावाने परिचित असलेली डाळ नित्य व भरपूर खाण्यात आल्यास पायांस कायमचे पांगळेपण आणते. ती मुलाच्या ताटात येऊच देऊ नये.

छत्तीसगढ व विदर्भ या दोन्ही प्रदेशांत सिकलसेल हा आनुवंशिक रक्तरोग पुष्कळ आढळतो. आईबाप दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गर्भारपणी मूल रुग्ण होण्याचा संभव चारांत एक असतो. गर्भकालीन रक्तद्रव्यामुळे पहिले काही महिने लक्षणे दिसत नाहीत, नंतर हातापायांस सूज, फिकटपणा, वारंवार ताप येतो. १ जुलै २०२३ रोजी शहडोल येथून आरंभिलेल्या राष्ट्रीय मोहिमेत याची तपासणी होते. ती लग्नापूर्वी किंवा निदान गर्भारपणी करून घ्यावी.

नवजाताची निगा घरी जाऊन घेता येते, हे या भागाच्या शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यातच सिद्ध झाले. डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने गावातील स्त्रियांना शिक्षण देऊन नवजातांचे मृत्यू निम्म्याहून अधिक घटविले, आणि १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या कार्यावरून पुढे देशभर गृहभेटींची योजना आखली गेली. छत्तीसगढात २००२ पासून काम करणारी मितानिन, म्हणजे वस्तीतलीच आरोग्यसेविका, आज याच हेतूने पहिल्या ४२ दिवसांत ठरलेल्या दिवशी दारी येते. तिला ओट्यावरून परत पाठवू नये. ती वजन करते, बालकास पाहते, लसीकरणाची तारीख सांगते, आणि ज्या घरात आजी नाही तेथे विचारण्यास एक जाणते माणूस होते.

मूल दूध ओढीनासे झाले, श्वास मिनिटास ६० हून अधिक वा छाती आत ओढत चालला, अंग तापले किंवा गार पडले, आचके आले, जन्मल्यापासून चोवीस तासांच्या आत पिवळेपणा दिसला किंवा पुढे तो तळहात-तळपायांपर्यंत उतरला, तर कोवळ्या उन्हात धरणे, दृष्ट काढणे, पाळी सुटण्याची किंवा नागपूरच्या गाडीची वाट पाहणे, यांत घटकाही दवडू नये. सेक्टर ९ मधील जवाहरलाल नेहरू रुग्णालय किंवा दुर्गचे जिल्हा रुग्णालय यांपैकी जे जवळ असेल ते गाठावे. वर्षाआतील बालकास रुग्णालयात नेण्यासाठी छत्तीसगढात १०२ या क्रमांकावर महतारी एक्सप्रेसची गाडी विनामूल्य मिळते.