बर्लिनचा श्टाटबान
बर्लिनच्या मध्यातून पूर्व-पश्चिम जाणारा, १८८२ मध्ये खुला झालेला चारपदरी उन्नत रेल्वेमार्ग. अभियंता एर्न्स्ट डिर्कसेन. याला केवळ वाहतुकीची सोय मानणे अपुरे आहे. या मार्गाने शहराची घडणच बदलली. दोन मार्गिका लोकल गाड्यांना, दोन लांब पल्ल्याच्या गाड्यांना दिल्याने शहराच्या कडेच्या स्थानकांवर उतरून पुढे जाण्याची यातायात टळली. दाट वस्तीत जागा मिळावी म्हणून हाकेशर मार्क्ट या चौकाजवळ तर मार्ग बुजवलेल्या जुन्या खंदकावरून वळणे घेत जातो. असा उन्नत मार्ग शहर दुभंगतो, हा आक्षेप मातीच्या भरावाला लागू पडेल. इथे विटांच्या शेकडो कमानींखालून रस्ते वाहते राहिले आणि उरलेल्या गाळ्यांत गोदामे, दुकाने, उपाहारगृहे थाटली गेली. साविन्यीप्लात्सजवळच्या कमानींत तर पुस्तकांचे दुकानही आहे.