देव्हाऱ्यातली शिवराई

मंडळी, गेल्या महिन्यात आक्काकडे गेलो होतो. तिने देव्हाऱ्यातली शिवराई माझ्या हातावर ठेवली आणि म्हणाली, "तू एवढी नाणी जमवतोस ना, मग सांग बरं, ही महाराजांच्या वेळची म्हणजे नक्की कुठल्या सालची?" नाणं उलटं केलं आणि उत्तर कळलं. पण "चष्मा घरी राहिला गं" असं सांगून मी वेळ मारून नेली.

हा नाद मला लागला तो निवृत्तीनंतर, पुण्याच्या जुन्या बाजारात. मी जायला लागलो तेव्हा तो रविवारी आणि बुधवारी भरत असे. एका पोत्यावर गंजलेली कुलुपं, नळाच्या तोट्या, बंद पडलेली घड्याळं आणि पत्र्याच्या डब्यात तांब्याची नाणी. वीस रुपयांना एक, निवडत बसायचं नाही, ही विक्रेत्याची अट. मी अर्थातच निवडत बसलो. आयुष्यभर गठ्ठ्यातले पेपर तपासलेल्या माणसाला दुसरं काय येणार?

डब्यात जास्त करून इंग्रजी अमदानीचे पाव आणे. कंपनीचे १८३५चे, मग राणीचे. १८७६पर्यंतच्या नाण्यांवर ती 'क्वीन' आहे आणि १८७७पासून 'एम्प्रेस'. तिसरीत-चौथीत असताना खिशात असलेला भोकाचा पैसाही भेटला. (एका रुपयाचे ६४ पैसे, हे ज्यांनी पाठ केलं त्यांनी हात वर करा! १ एप्रिल १९५७ला नवे पैसे आले आणि आमची कोष्टकं वाया गेली.) यंत्रावर पाडलेल्या या नाण्यांची प्रत ठरवणं सोपं. राणीचे केस, मुकुटाची नक्षी, कपड्यावरची वेलबुट्टी किती शिल्लक आहे ते बघायचं. आधी उंच भाग झिजतो, मग सखल.

शिवराईचं तसं नाही. तांब्याचा तुकडा तापवायचा, दोन ठशांच्या मध्ये ठेवायचा आणि वरून हातोडा हाणायचा. ठसा मोठा, तुकडा लहान. म्हणून एका बाजूला 'श्री राजा शिव' आणि दुसऱ्या बाजूला 'छत्रपति' ही अक्षरं क्वचितच पूर्ण उमटतात. कुठे 'श्री' अर्धा, कुठे 'ति' गायब. पहिली दोन वर्षं मी अशा नाण्यांना सरसकट 'झिजलेलं' म्हणून बाजूला टाकत होतो. एका जाणत्या संग्राहकाने माझी चूक दाखवली. जे अक्षर उमटलंच नाही ते झिजणार कसं? प्रश्नपत्रिकेत न छापलेल्या प्रश्नाचे गुण मी मुलांचे कापत होतो म्हणा ना! आता मी भिंग घेऊन आधी अक्षराचा माथा बघतो. माथा सपाट आणि गुळगुळीत असेल तर ती झीज. अक्षर उथळ आहे, पण त्याच्या कडा आणि भोवतालचं तांबं खरबरीत आहे, तर घाव कमी पडला. दोन्हींची किंमत निराळी.

गंमत म्हणजे नाण्यांना १ ते ७० गुण देण्याची जी पद्धत आज जगभर चालते, तीही तांब्याच्या नाण्यांवरूनच निघाली. विल्यम शेल्डन नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने ती १९४९ साली तिकडच्या जुन्या सेंटसाठी मांडली. पुढे असं उघड झालं की याच गृहस्थांनी एका संस्थेच्या संग्रहातली चांगली नाणी उचलून तिथे आपली हलकी ठेवली होती. परीक्षकच कॉपी करताना सापडला! असो.

शिवराई सुरू झाली ती १६७४च्या राज्याभिषेकाच्या सुमाराला. महाराज १६८०मध्ये गेले, पण नाणं थांबलं नाही. शंभूराजे आणि शाहूमहाराज यांच्या नावाची नाणीही आहेत, तरी शिवाजीमहाराजांच्या नावाचा पैसा सबंध पेशवाईभर पडत राहिला. टांकसाळी खाजगी लोकांना ठरावीक रकमेवर चालवायला दिलेल्या असत आणि ठसे कोरणारा कारागीर लिहिता-वाचता असेलच असं नाही. त्यामुळे 'शिव'चा कुठे 'सिव', कुठे 'सीव'. लाल शाईचा हात शिवशिवतो! आणि मला सगळ्यात नवल वाटतं ते याचं, की त्याच पेशवाईत पडणाऱ्या चांदीच्या रुपयांवर नाव दिल्लीच्या बादशहाचं असे. सावकाराच्या थैलीत बादशहा आणि भाजीवालीच्या कनवटीला शिवाजी. रोज हाताळलं गेलं ते दुसरं नाव.

या उशिराच्या शिवरायांपैकी एक प्रकार म्हणजे दुदांडी. तिच्या मागच्या बाजूवर 'छत्र' आणि 'पति' यांच्या मध्ये दोन आडव्या रेघा असतात. वजनाला जुनीपेक्षा सहसा हलकी. जुन्या बाजारात मिळतात त्यात अशाच जास्त.

माझ्या हातून एक पापही घडलंय. सुरुवातीला मिळालेली एक सुरेख, चॉकलेटी झाक आलेली शिवराई मी चिंच आणि रांगोळी लावून घासली. लखलखीत झाली, गुलाबी. दीडशे-दोनशे वर्षांत धरलेला रंग दहा मिनिटांत गेला आणि त्याबरोबर अक्षरांची धारही. ती अजून माझ्या टेबलावर आहे. मुद्दाम समोर ठेवलीय.

भाचेमंडळींसाठी दोन गोष्टी. राम-सीता आणि १८१८ साल असलेले कंपनीचे 'आणे' लाखोंना जातात असे निरोप मला पाठवू नका. कंपनीने तसली नाणी कधी पाडलीच नाहीत. आणि अमेरिकेतल्या चिरंजीवांनी शिवराई मागितली आहे, ती मिळणार नाही. शंभर वर्षांहून जुनं नाणं देशाबाहेर न्यायला १९७२च्या कायद्याने बंदी आहे.

तर आक्का, सूनबाई तुला हे वाचून दाखवतील तेव्हा ऐक. चष्मा माझ्या खिशातच होता. आपली शिवराई दुदांडी आहे, दोन्ही रेघा स्पष्ट दिसतात. महाराज गेल्यानंतर कित्येक वर्षांनी पडलेली. बाबा सांगायचे ती 'रायगडावरून आलेली' गोष्ट जमत नाही. तुला वाईट वाटेल म्हणून गप्प राहिलो, पण घरी येईपर्यंत मलाच चैन पडेना. बाजारात तिला 'हलकी प्रत' म्हणतील. 'राजा'चा फक्त काना उरलाय. पण तो हातोड्याचा दोष नाही, ती खरी झीज आहे. आईने आणि तिच्याआधी आजीने दर लक्ष्मीपूजनाला चिंचेने घासून केलेली.

यंदा मात्र घासू नकोस. नुसत्या पाण्याने धू आणि मऊ फडक्याने टिपून ठेव.